‘हं’ म्हटलं नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही

मे २०१८ मध्ये गूगलच्या वार्षिक परिषदेत सुंदर पिचाई यांनी एक फोन ऐकवला होता. गूगलचं यंत्र एका केशकर्तनालयात फोन लावून वेळ ठरवतंय. पलीकडची बाई म्हणते, एक सेकंद थांबा हं. त्यावर यंत्र म्हणतं, ‘म्-हं’. सभागृहात हशा पिकला. यंत्रानं वेळ बरोबर ठरवली याचं कुणाला फारसं वाटलं नाही, हसू आलं ते त्या ‘म्-हं’ला.

मे २०२४ मध्ये ओपनएआयनं नवं बोलकं मॉडेल आणलं. माणूस बोलायचा थांबला की ते सरासरी ३२० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या साधारण एक तृतीयांश वेळात उत्तर देतं, अशी जाहिरात झाली. त्याआधीच्या आवृत्त्यांना २.८ आणि ५.४ सेकंद लागायचे.

आता गंमत बघा. ‘अं... अं... काय करतोस, नीट बोल’ म्हणून आपल्याला शाळेत ओरडा बसला. आणि इथे जगातल्या बड्या कंपन्या यंत्राला तेच ‘अं’ आणि ‘हं’ शिकवायला पाण्यासारखा पैसा ओततायत. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? त्यासाठी आपण सहज, न ठरवता बोलतो तेव्हा नेमकं काय करतो ते बघावं लागतं.

आधी स्वतःचं बोलणं ऐका

घरात फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा (सगळ्यांना सांगून, नाहीतर महाभारत होईल) आणि त्यातलं अर्धं मिनिट जसंच्या तसं, काहीही न सुधारता लिहून काढा. साधारण असं काहीतरी हाती येईल. स्वयंपाकघर, मायलेकी:

— अगं आई, ते हे कुठंय, ते... आपलं... झाकण, कुकरचं?
— कुठलं, मोठ्या—
— नाही गं, छोट्या. म्हणजे मोठ्याच्या... नाही, छोट्याच.
— हं, ते काय. तिथेच ठेवलंय ना मी, काल.
— हं?
— ओट्यावर. ओट्याखाली आहे बघ, डावीकडे.

मराठीच्या पेपरात हे लिहिलं तर बाई पानभर लाल रेघा मारतील. एक वाक्य अर्ध्यावर तुटलंय, एक मध्येच फिरलंय, ‘ओट्यावर’चं पुढच्याच क्षणी ‘ओट्याखाली’ झालंय. कर्ता, कर्म, क्रियापद ओळीत उभे आहेत असं वाक्य शोधूनच काढावं लागेल. तरीही झाकण सापडलं, आणि दोघींपैकी एकीलाही आपण तुटक बोललो असं वाटलेलं नाही.

अभ्यासकांनी हे कचऱ्यात का टाकलं होतं?

भाषेचा अभ्यास बराच काळ लिहिलेल्या किंवा सांगून लिहून घेतलेल्या मजकुरावर झाला. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणात बोलींचे नमुने गोळा करताना बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत भाषांतर करून घेतली जायची. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कितीतरी बोलींत तो उधळ्या मुलगा घरी कसा परतला हे आपल्याला कळतं. त्याच बोलीतल्या दोन बायका पाणवठ्यावर एकमेकींशी कशा बोलत, हे त्यावरून कळत नाही.

पुढे १९६५ साली अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी भाषेचं ज्ञान आणि भाषेचा प्रत्यक्ष वापर यांत स्पष्ट रेघ ओढली. प्रत्यक्ष बोलण्यात चुकीच्या सुरुवाती असतात, मध्येच बेत बदलतात, नियम मोडतात. भाषेचं व्याकरण शोधणाऱ्यानं ते बाजूला ठेवावं, असा त्यांचा सूर. त्यांच्या कामासाठी ते ठीकही होतं. पण त्यामुळे आपण दिवसभर जे करतो ते अभ्यासाच्या खोलीबाहेर उभं राहिलं.

ते आत आणलं हार्वी सॅक्स या तरुण समाजशास्त्रज्ञानं. १९६३-६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनच्या ध्वनिफिती तो ऐकत होता. केंद्रातली माणसं आधी आपलं नाव सांगायची, म्हणजे पलीकडचाही आपसूक नाव सांगे. एका फोनवर मात्र पलीकडून आलं, ‘मला ऐकू येत नाहीये.’ नाव पुन्हा सांगितलं गेलं, पण तोवर त्या माणसानं स्वतःचं नाव सांगायची जागा अलगद ओलांडली होती. सॅक्सला प्रश्न पडला की हे ‘ऐकू येत नाही’ खरंच कानाबद्दल होतं, की नाव न सांगण्याची ती एक नेटकी युक्ती होती? तिथून जो अभ्यास सुरू झाला त्याला संभाषण-विश्लेषण म्हणतात. सॅक्स १९७५ मध्ये, चाळिशीतच, मोटार अपघातात गेला. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. श्वास, हसू, दशांश सेकंदाची शांतता, दोघांचे आवाज एकमेकांवर कुठे चढले, हे सगळं कागदावर उतरवायची खुणांची पद्धत जेफरसनबाईंची.

बोलणं म्हणजे खो-खो

या तिघांचा १९७४ चा लेख एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो: आता कुणी बोलायचं, हे कसं ठरतं? सभेत अध्यक्ष असतो, वर्गात मास्तर असतात, पण कट्ट्यावर कुणीच नसतं. तरी बहुतेक वेळ एका वेळी एकच जण बोलतो.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. एकाच्या बोलण्याच्या वळशाला पाळी म्हणू. चालू पाळीचा माणूस पुढच्याला निवडू शकतो: नाव घेऊन, बघून किंवा प्रश्न टाकून. त्यानं कुणाला निवडलं नाही तर जो आधी सुरू करेल त्याची पाळी. कुणीच केलं नाही तर पहिलाच पुढे चालू ठेवतो. बस्स, एवढंच. आणि हे सगळं बोलण्यातल्या अशा जागी घडतं जिथे एखादा तुकडा पुरा होण्याच्या बेतात आलेला असतो.

खो-खो आठवा. खुंटांच्या मधल्या रांगेत बसलेला गडी आरामात मांडी घालून बसत नाही. पाय रोवून, एका गुडघ्यावर तोल घेऊन तयार असतो. पाठीवर थाप आणि ‘खो’ एकदम येतं आणि तो सुटतो. खो ऐकल्यावर उठायचा विचार सुरू केला असता तर गडी कधीच हाती लागला नसता.

बोलण्यातही तसंच आहे. २००९ साली दहा भाषांतले प्रश्न आणि उत्तरं मोजून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांतलं सरासरी अंतर साधारण २०० मिलिसेकंद निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सर्वांत चपळ, सरासरी ७ मिलिसेकंद. डॅनिश सर्वांत निवांत, ४६९. उलट, समोर चित्र ठेवून त्याचं नुसतं नाव सांगायला माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. याचा अर्थ उघड आहे: समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो, आणि तो कुठे थांबणार याचा अंदाजही बांधत असतो. पाय रोवून बसलेलो असतो.

पण मराठीत तर ‘नाही’ शेवटी येतं!

शंका रास्त आहे. ‘मी उद्या तुमच्याकडे जेवायला येणार...’ इथवर ऐकून पाट मांडायचे की नाही हे ठरत नाही. पुढे ‘आहे’ येईल नाहीतर ‘नाही’. मग श्रोता आधीच तयार कसा?

एक तर जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, आणि तीच यादीत सर्वांत वेगवान. दुसरं, सूर. वाक्य कुठे उतरणार हे आवाजाच्या चालीवरून आधीच कळतं. आणि तिसरं, मराठी माणूस बोलताना शेवटाला शेपट्या लावतो: ‘ना’, ‘का’, ‘की नाही’, ‘बरं का’. ‘तिथेच ठेवलंय ना’ यातला ‘ना’ म्हणजे पाठीवरची थाप. आता तू बोल.

बोलण्यात आपण क्रियापदाची जागाही सर्रास हलवतो. ‘पाहुणे कधी आले?’ असं पुस्तकात. घरात मात्र ‘आले कधी, पाहुणे?’ महत्त्वाचं आधी, मागाहून खुलासा. माझ्या मते ही घाई किंवा गावंढळपणा नाही. ऐकणाऱ्याच्या हाती कामाचा धागा लवकर देण्याची ही सोय आहे, आणि मराठीच्या व्याकरणाच्या पुस्तकांत तिला एखाद्या तळटीपेहून जास्त जागा मिळायला हवी.

दुसऱ्याच्या बोलण्यात बोलणं उद्धटपणा नाही का?

आहे, कधीकधी. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चा बघितल्यावर मी हे नाकारणार नाही. पण घरगुती बोलण्यात आवाज एकमेकांवर चढतात ते बहुधा पाळी संपत आली असतानाच. श्रोत्यानं शेवट ओळखला, पाऊल उचललं, आणि बोलणाऱ्यानं नेमकी तेव्हाच एक शेपटी जोडली, एवढंच.

दुसरा प्रकार त्याहून महत्त्वाचा. व्हिक्टर यंग्वे या अमेरिकी भाषाभ्यासकानं १९७० साली त्याला नाव दिलं, पण आपल्याकडे शब्द केव्हाचा तयार आहे: हुंकार. आजी गोष्ट सांगताना अट घालायची, ‘हुंकार दे, नाहीतर मी थांबले.’ अंधारात नातवंड झोपलं की जागं, हे कळायचा तिच्याकडे तेवढाच मार्ग. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी रं जी जी’ करतात, तेही जवळचंच नातं. हुंकार देणारा पाळी मागत नाही. ‘चालू दे, मी आहे’ एवढंच सांगतो.

हा नुसता शिष्टाचार असेल असं वाटत असेल तर २००० सालचा एक प्रयोग ऐका. जॅनेट बाव्हेलस आणि सहकाऱ्यांनी लोकांना जिवावर बेतता बेतता वाचल्याचे स्वतःचे प्रसंग सांगायला लावले. काही श्रोत्यांना गुपचूप एक काम दिलं: सांगणाऱ्याच्या बोलण्यातले ‘टी’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारे शब्द मोजा. बिचारे श्रोते मोजण्यात गुंतले, त्यांचे हुंकार आणि ‘बाप रे’ आटले. आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टीच बिघडल्या. शेवट गुंडाळले गेले, तेच तेच पुन्हा सांगितलं गेलं. म्हणजे गोष्ट चांगली होते ती निम्मी ऐकणाऱ्यामुळे.

ऑनलाइन बैठकीत सगळ्यांचे माइक बंद असताना बोलणारा दर दोन मिनिटांनी ‘ऐकू येतंय ना?’ का विचारतो, याचं उत्तर हेच. त्याला आजीसारखी शंका आलेली असते.

‘अं’ ही वाईट सवय नव्हे?

इंग्रजी बोलण्याच्या मोजणीत दर शंभर शब्दांमागे साधारण सहा ठिकाणी अडखळणं सापडतं. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये दाखवलं की इंग्रजीतला ‘अ’ छोट्या थांब्याआधी येतो आणि ‘अम्’ मोठ्या थांब्याआधी. बोलणारा जणू पाटी लावतो: दोन मिनिटांत येतो, किंवा जेवायला गेलोय. पाटी नसलेलं बंद दुकान पाहून गिऱ्हाईक निघून जातं. गप्पांत निघून जाणं म्हणजे पाळी दुसऱ्यानं पळवणं.

ऐकणाऱ्यालाही त्यातून मिळतं. २००४ च्या एका प्रयोगात समोर काही वस्तू ठेवून लोकांच्या नजरेचा माग काढला. सूचनेत ‘अ...’ असा अडखळा आला की नजर अजून उल्लेख न झालेल्या वस्तूकडे वळायची, नाव पूर्ण उच्चारलं जायच्या आधीच. अडखळला म्हणजे काहीतरी नवं येतंय, हे आपण न शिकता शिकलेलो असतो.

मराठीनं तर यावर कळस केलाय. आपल्याकडे ‘ते हे’ आहे. शब्द सापडत नाही तोवर त्याच्या जागी ‘हे’ ठेवायचं, म्हणजे वाक्याचा गाडा थांबत नाही. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं. आणि हा रुमाल कुठल्याही सीटवर चालतो: ‘ते हे आण’ यात तो नाम, ‘जरा ते हे कर ना’ यात क्रियापदाचा भाग, ‘तो माणूस जरा हेच आहे’ यात चक्क विशेषण. वर ‘आपलं’ आहे, ‘म्हणजे’ आहे, ‘काय म्हणतात त्याला’ आहे. ‘आपलं’ मला विशेष आवडतं. माझा शब्द हरवलाय, पण शोधायला तूही आहेस, असं काहीसं त्यात ऐकू येतं. वीस वर्षं संसार झालेल्या घरात ‘ते हे’वर समोरचा निमूट कात्री आणून देतो.

मग वक्तृत्वाच्या वर्गात ‘अं’ वर्ज्य का? कारण मंचावर पाळी कुणी पळवणार नसतं. माइक तुमच्याच हातात आहे. तिथे ‘अं’ला कामच उरत नाही, म्हणून तो खुपतो. शिक्षकांचं व्यासपीठापुरतं बरोबर आहे. पोरांच्या डबा खातानाच्या गप्पांना तो नियम लावला की चुकतं.

नकाराला उशीर का होतो?

‘रविवारी येतोस का सामान हलवायला?’ येणारा ‘येतो की’ म्हणून मोकळा होतो. न येणारा आधी गप्प. मग ‘अं’. मग ‘रविवारी ना... तसं नाही, आलो असतो, पण...’ इतकं झाल्यावर कारण सांगायचीही गरज नसते. विचारणाराच म्हणतो, ‘नाही, काही नाही, जमलं तर.’ होकार लगेच आणि साधा, नकार उशिरा आणि गुंडाळलेला, ही रचना कितीतरी भाषांत आढळते. आपण ती इतकी मुरवली आहे की ‘बघतो’ हा शब्दच नकार झालाय.

पण याची एक पंचाईत होते. उशीर फोननं केला तरी कान माणसालाच दोष देतो. पूर्वी अमेरिकेचे बरेच फोन उपग्रहावरून जायचे. उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर वर; आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. २०० मिलिसेकंदांची सवय असलेल्या कानाला हा अर्धा सेकंद भलताच लांब. ‘कसा आहेस?’ विचारलं की शांतता, मग दोघं एकदम बोलणार, मग ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’. रविवारच्या अशा फोननंतर माझी मामी दर वेळी म्हणायची, ‘पोरगा तुटक बोलायला लागलाय.’ पोरगा तोच होता. आजही भारताबाहेरच्या मुलांशी व्हिडिओ कॉल अडकत चालला की हाच गैरसमज व्हायला जागा आहे.

इतका घोळ, तर गैरसमज का होत नाहीत?

होतात, सतत. पण जागच्या जागी निस्तरले जातात. मार्क डिंगमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा भाषा तपासून सांगितलं की नीट कळलं नाही तर माणसं जो ‘हं?’ किंवा ‘अं?’ काढतात तो सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे. या संशोधनाला २०१५ साली इग्नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या शोधांना देतात ते. त्याच गटाच्या बारा भाषांच्या पुढच्या अभ्यासात अशी विचारणा सरासरी दर १.४ मिनिटांनी एकदा होताना दिसली. वरच्या संवादात लेकीनं तेच केलं. तिच्या ‘हं?’मुळे आईला नीट उत्तर द्यावं लागलं, आणि ते देताना ‘ओट्यावर’चं ‘ओट्याखाली’ करायची दुरुस्ती आईनं स्वतःच केली. आपली चूक आपणच सुधारायची संधी आधी मिळते, हाही या अभ्यासाचा एक जुना निष्कर्ष.

कागदावर उतरताना काय गळतं

इथे हा विषय गमतीचा राहत नाही. न्यायालयातल्या साक्षीचं बघा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ नुसार सत्र न्यायालयातली साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहायची होती. प्रश्नोत्तरं लिहून घेणं न्यायाधीशांच्या मर्जीवर. वकील विचारतात, ‘तुम्ही तिथे होता ना?’ साक्षीदार थांबतो, ‘हं... म्हणजे... होतो’. कागदावर येतं: ‘मी त्या ठिकाणी हजर होतो.’ प्रश्न गेला, थांबा गेला, आणि तो ‘हं’ होकाराचा होता की ‘ऐकतोय’ म्हणायचा, हेही गेलं. साक्षीदाराच्या हावभावांबद्दल शेरा लिहायची तरतूद कायद्यात आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण शेरा हा ऐकणाऱ्याचा निष्कर्ष असतो, ऐकलेलं नव्हे.

फोनवरचं बोलून टंकण्याचं तंत्र हेच काम झपाट्यानं करतं. आत्याची अर्ध्या तासाची मुलाखत मी त्यातून काढून पाहिली. ‘हं’, ‘अं’, ‘आपलं’ सगळं साफ. वाचायला सुटसुटीत, पण ती आत्या नव्हती. एके ठिकाणी तिनं ‘बरं होतं... बरंच म्हणायचं’ असं सासरबद्दल म्हटलं होतं, मध्ये चांगला दोन श्वासांचा थांबा घेऊन. यंत्रानं लिहिलं, ‘बरंच होतं’.

यंत्रांचा दोष निम्माच. यंत्रांना बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारख्या प्रकल्पांत मराठी आवाज जमा झाले ते मुख्यतः पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवणाऱ्यांचे. वाचणारा माणूस ‘ते हे’ म्हणत नाही. उधळ्या मुलाची गोष्ट पुन्हा सुरू झाली म्हणायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं अलीकडे मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करताना गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, तसं काम जितकं वाढेल तितकं बरं.

ठेवू मग?

शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ मध्ये फोन संपतात कसे यावर एक अख्खा लेख लिहिला. एकानं नुसतं थांबून चालत नाही; बंद करायची तयारी दोघांना मिळून करावी लागते, आणि त्या तयारीत राहून गेलेला विषय काढायला एक फट ठेवलेली असते. आपल्याकडची फट तर दरवाजाएवढी. ‘चल, ठेवते’, ‘हं, ठेव’, ‘बरं, ठेवू?’, ‘ठेव मग’, आणि बोट लाल बटणावर असताना पलीकडून:

‘अगं, आणि हो, झाकण सापडलं का गं ते?’